म्हाताऱ्याला आधी उठू द्या

मी शाळेत कॉम्प्युटरची टीचर होते आणि नाना शिपाई होते. तरी लाइट गेली की पोरं हाक त्यांना मारायची, मला नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकते.

आमची शाळा सुरतेच्या उधन्यात, मराठी माध्यमाची. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, त्यामुळे वर्गात शिकवताना आवाज जरा चढाच लावावा लागे आणि घरी गेल्यावरही तो उतरत नसे. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली म्हणजे आमची लॅब. बारा कॉम्प्युटर, एक फिरणारा पंखा आणि एक न फिरणारा. लाइट जायची ती काही सांगून जायची नाही. पण जाण्याचं दुःख नव्हतं, दुःख होतं ते ती परत आल्यावरचं. एरवी दोन मिनिटांत उठून बसणारी ही मशिनं लाइट जाऊन आली की वीस-वीस मिनिटं घ्यायची. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि पस्तीस मिनिटांचा तास त्यातच संपायचा.

मी काय काय केलं नाही. बाराच्या बारा मशिनं दोनदा आतून पुसून सगळे प्रोग्रॅम नव्याने भरले. सुरू होताना आपोआप उघडणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले, व्हायरससाठी तपासली, मोठ्या बाईंच्या मागे लागून मेमरी वाढवून घेतली. इंटरनेटवर या विषयावर लोकांनी जे जे लिहून ठेवलंय ते वाचून झालं. मशिनं एरवी पळायची. लाइट गेली की पुन्हा तेच.

आणि नाना असले की तसं होत नसे.

सगळी शाळा त्यांना नानाच म्हणे. मस्टरवर त्यांचं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे. मूळचे खान्देशातले, तरुणपणी सुरतेला आले आणि पंचवीस-तीस वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. कारखाना विकला गेला तेव्हा आमच्या शाळेत लागले. लूमच्या आवाजाने कान निम्मे गेले होते. स्वतः बोलायचे ते मात्र सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, कारण त्यांच्या हिशोबाने समोरचाही लूमपाशीच उभा असे. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये जाऊन गुपित सांगायचे तर ते ग्राउंडवर खेळणाऱ्या पोरांना कळायचं.

लाइट गेली की ते झाडू जिथल्या तिथे ठेवत आणि वर येत. चपला दाराबाहेर काढत. बाराही मशिनांची बटणं एकेक करून भिंतीवरच्या बोर्डावर बंद करत. मग लाइट येई, पोरं ओरडत, "नाना, लाइट आवी गई," आणि नाना दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत.

"लाइट ऊनी म्हणजे काम ऊनं अस नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, ऊनी म्हणजे आली. ती दमून येते, असं त्यांचं म्हणणं. कुठून कुठून तारांवरून चालत येते, आल्या आल्या तिला जुंपू नका. हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघत असे. विजेबद्दल मला जे शिकवलं गेलं होतं त्यात दमण्याचा धडा नव्हता.

मग ते खाली ऑफिसात जात. तिथे टेबलाखाली एक जुनाट कॅबिनेट होतं. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता, नुसता डबा. आमचा सर्व्हर. पोरांच्या सगळ्या फायली, प्रश्नपत्रिका, रजिस्टरं, सगळं त्यात, आणि लॅबची बारा मशिनं तारेने त्याला जोडलेली. नाना त्याला म्हातारा म्हणत. आधी म्हाताऱ्याचं बटण दाबत, मग उकिडवे बसत आणि डाव्या हाताचा तळवा त्याच्या कुशीवर ठेवून डोळे मिटत. काही पुटपुटत. घरी त्यांची नातवंडं गुजरातीत बोलायची, मुलगा हिंदीत, सून दोन्हींत. अहिराणी बोलायला त्यांना हा डबाच उरला होता.

"ऊठ रे बाबा," ते म्हणत, "बठ्ठा वाट दखी राहिनात." आणि मग थोड्या वेळाने, अगदी मायेने, "घाई नही, घाई नही. बस जरासा."

कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. आतली थरथर थांबली की उठत, वर येत, आणि बोर्डावरची नि मशिनांवरची बटणं एकेक करून दाबत. एक उठलं की दुसरं. दोन कधीच एकदम नाही. लूमच्या शेडमध्ये असंच करतात, म्हणत. सगळे लूम एकदम सुरू केले तर सगळेच बसतात. आणि ती बारा मशिनं, जी माझ्या हातात वीस मिनिटं कुथायची, त्यांच्या हाताखाली दोन-दोन मिनिटांत उभी राहायची. पोरं टाळ्या वाजवत. मीही हसत असे. हसताना माझे दात दुखत.

कीबोर्डला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदाही नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "नाना, एवढं जमतं तर बसा ना, शिका." तर दोन पावलं मागे सरले. "ते मॅडमचं काम," म्हणाले. हा नम्रपणा होता की मला माझी जागा दाखवणं होतं, हे मी बरेच दिवस चघळत बसले. आज कळतं की तो साधा नम्रपणा होता, आणि तेव्हाही कळत होतं, पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

त्यांचं आणखी एक होतं. शेडच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून लूमवरचे कामगार हातांनी बोलतात. नानांकडे ती सगळी भाषा होती. मूठ वळली की थांब. दोन बोटं गालाला लावली की पाणी. तळहात उघडा करून छातीजवळून किंचित पुढे हलवला की, मी येऊ का? पोरांनी ती महिनाभरात उचलली. मी फळ्यापाशी घसा फोडून "शांत बसा" म्हणत असायची आणि नाना दारात येऊन नुसती मूठ वळायचे की चाळीस पोरं गप्प. काही पोरं परीक्षेतही त्या खुणा वापरू लागली तेव्हा मी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "बघा ना, कशी शिकली." माझ्या वर्गात पोरं कधी असं काही शिकली नव्हती.

लॅबमधल्या लोंबणाऱ्या वायरी त्यांनी धाग्यांनी बांधून टाकल्या होत्या. प्रत्येक मशिनला वेगळा रंग. एका हाताने गाठ मारत, लूमवाल्यांची गाठ, पटकन बसते आणि सुटत नाही. कोणती वायर कुठली हे मी कागदावर नकाशा काढून फाइलला लावलं होतं. तो नकाशा कुणी पाहिला नाही. पोरं म्हणायची, "टीचर, राणी रंगवाल्याचं नेट जात नाही," आणि मलाही राणी रंग शोधावा लागे.

घरी तरी सुटका असावी. पण आम्ही कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीत राहायचो आणि ते समोरच्याच इमारतीत. माझ्या आईची आणि त्यांची गाववाल्यांसारखी ओळख, दोघांचे तालुके शेजारचे. घरी माझा एक जुना कॉम्प्युटर होता. लाइट जाऊन आली की तो अर्धवट सुरू होऊन थांबायचा, इंग्रजीत काहीतरी दोन ओळी दाखवायचा, आणि एक बटण दाबलं की पुढे सरकायचा. मी बटण दाबायची. कित्येक महिने दाबत होते. सवय झाली की माणूस कशाचं कारण विचारत नाही, आणि मी तर शिकलेली होते.

एका रविवारी मी भाजी घेऊन परत येते तो नाना आमच्या घरात. आईने बोलावलं होतं. चपला बाहेर, उकिडवे बसलेले, कॉम्प्युटरचं झाकण उघडलेलं.

"हा कोणत्या साली राहतो, विचारलं का कधी?" त्यांनी मला विचारलं.

मला काही कळेना. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथली तारीख कित्येक वर्षं मागची होती.

"घड्याळ बंद पडलं त्याचं," ते म्हणाले. "लाइट गेली का तो सगळं विसरतो. मग उठला का विचारतो, मी कुठे? घड्याळ बंद पडल्यावर काय करतो आपण? सेल बदलतो."

आत रुपयाएवढा चपटा सेल होता. त्यांनी तो नखाने काढला, घड्याळवाल्याकडून आणलेला नवा बसवला, झाकण लावलं. मशिन सुरळीत सुरू झालं. ते बटण मला पुन्हा कधी दाबावं लागलं नाही. हा सेल मी पोरांना शिकवला होता. त्याचं चित्र पुस्तकात होतं, मी परीक्षेला विचारलंही होतं, दोन मार्कांना.

"माझ्या पोरीला सवड कुठे," आई त्यांना चहा देत म्हणाली. हे तिने माझी बाजू घेऊन म्हटलं होतं. मी रात्री तिच्याशी बोलले नाही. तिने विचारलं, काय झालं, तर म्हटलं, डोकं दुखतंय.

आता खरी गोष्ट सांगायची तर मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी आठ वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होते. दर उन्हाळ्यात करार संपायचा आणि जूनमध्ये पुन्हा मिळेल की नाही या घोरात मी आणि आई आंबे खायचो. त्या वर्षी शाळा चालवणाऱ्या मंडळाने ठरवलं होतं, लॅबची एक जागा कायम करायची. जागा एक आणि कॉम्प्युटर शिकवणारी मीही एकच, त्यामुळे घाबरायचं काही कारण नव्हतं. पण मंडळाचे अध्यक्ष एकदा शाळेत आले असताना माझ्या देखत मोठ्या बाईंना म्हणाले होते, "लॅब तर नानाच चालवतात ने?" गंमतीने म्हणाले. मी ती गंमत सहा महिने मनात ठेवली.

अध्यक्ष आणि मंडळाचे दोघं-तिघं लॅब बघायला येणार असं कळलं तेव्हा मी एक गोष्ट पक्की केली. त्या दिवशी लाइट जावो की राहो, नानांची गरज पडता कामा नये. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटी थांबले. प्रत्येक मशिनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन करून ठेवलं, की लाइट आली रे आली की त्याने आपोआप सुरू व्हायचं. बटण नको, बोर्ड नको, कुणी यायला नको. खालच्या सर्व्हरलाही एक पडदा लावून तसंच केलं आणि पडदा काढून ठेवला. घरी जाताना मी आईसाठी मिठाईवाल्याकडून घारी घेऊन गेले. आईने विचारलं, आज काय? म्हटलं, उद्या सांगते.

सकाळी नाना झाडत होते. मी म्हटलं, "नाना, आज पाहुणे येणार. तुम्ही गेटवर राहा, पाणी-बिणी बघा. वर यायची गरज नाही."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मला ते दुसऱ्यांदा ओरडून म्हणावं लागलं. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"बरं," ते म्हणाले.

अकराच्या सुमारास अध्यक्ष वर आले. पोरं मशिनांवर बसली होती, चित्रं काढत होती, मराठीत आपली नावं टाइप करत होती. अध्यक्ष एका मुलीच्या मागे उभे राहून कौतुकाने बघत होते आणि लाइट गेली.

मी शांत होते. खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला. मी म्हटलं, "काही हरकत नाही सर, लाइट आली की आपोआप सुरू होतील. तशी व्यवस्था मी केली आहे." अध्यक्षांना प्लास्टिकची खुर्ची दिली. दहा मिनिटांत लाइट आली आणि बाराच्या बारा मशिनं एकदम जागी झाली. बाराही पडद्यांवर एकदम उजेड. पोरांच्या तोंडून "आ" निघाला. माझ्या त्या आठ वर्षांतलं ते सगळ्यात सुंदर मिनिट होतं.

मग गोल चक्रं फिरू लागली. बारा चक्रं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, हजी वार लागेल का?" त्यांची मराठी सुरतेत वाढलेली होती, वेळेला वार म्हणणारी. मी म्हटलं, "झालंच सर." एका मशिनपाशी गेले, बंद करून पुन्हा चालू केलं. ते आणखी मागे पडलं. दुसऱ्यापाशी गेले. पोरं हाताची घडी घालून बसली होती. त्यांनी कधी माझ्या तासाला अशी घडी घातली नव्हती.

तेवढ्यात नाना दारात दिसले. पाण्याचा ट्रे घेऊन आले असावेत. चपला बाहेर काढलेल्या होत्या, पण उंबरा ओलांडला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "नाना, तमे जुओ ने जरा."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. ऐकू आलं नसेल असं म्हणता आलं असतं, पण त्यांना ऐकू आलं होतं. "मॅडम पाहून राहिल्या ना," ते म्हणाले. आणि ते इतक्या हळू म्हणाले, की नाना हळूही बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी ट्रे डाव्या हातात घेतला, आणि उजवा तळहात उघडा करून छातीजवळून जरासा पुढे हलवला. अध्यक्षांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, मोठ्या बाईंनाही नव्हता. मला होता. मी येऊ का? मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. ते खाली गेले असते, म्हाताऱ्यापाशी बसले असते, वर येऊन काहीतरी वायर बघितल्यासारखं केलं असतं आणि मशिनं सुरू झाल्यावर पुन्हा ट्रे घेऊन दारात उभे राहिले असते. माझी नोकरी कायम झाली असती.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पडद्याकडे तोंड फिरवलं.

पोरांना ती खूण येत होती. चाळीसच्या चाळीस जणांनी पाहिलं. पुढच्या स्टुलावरची एक मुलगी माझ्याकडे बघत राहिली, तिला वाटलं असेल टीचरला दिसलं नाही. तिने नानांची खूण मला करून दाखवली. मी तिला म्हटलं, "समोर बघ."

अर्धा तास थांबून अध्यक्ष उठले. जाताना जिन्यातल्या भिंतीवरच्या चित्रांचं कौतुक केलं. ते गेटबाहेर पडले असतील नसतील, तोच राणी रंगाच्या मशिनचं चक्र थांबलं. मग पिवळ्याचं. मग एकामागून एक सगळी.

जागा कायम झाली नाही. मंडळाने ठरवलं, लॅबची देखभाल नानांकडे द्यावी आणि शिकवायला बाहेरून कुणीतरी आठवड्यातून दोन दिवस यावं. चालू वर्ष पूर्ण करायची मला मुभा होती. मोठ्या बाईंनी हे सांगताना माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला.

उरलेल्या त्या दिवसांत मी एक काम केलं. म्हाताऱ्याला पडदा जोडला आणि त्याच्या पोटातल्या नोंदी वाचायला बसले. कोणती गोष्ट किती वाजता झाली हे मशिन आपलं आपण लिहून ठेवत असतं. आठ वर्षांत मी ते उघडून पाहिलं नव्हतं, कारण मी दुखणं लॅबमध्ये शोधत होते आणि ते ऑफिसात टेबलाखाली होतं. लाइट अचानक गेली की सर्व्हर अर्ध्या कामातून पडायचा. परत उठल्यावर आधी आपली जुनी डिस्क कोपरान् कोपरा तपासून बघायचा, काही मोडलंय का म्हणून. त्याला वेळ लागायचा. आणि तोवर वरची बारा मशिनं उठून एकदम त्याच्या दाराशी फायली मागायला उभी. तो तपासणीत गुंतलेला, उत्तर देईना. ती पुन्हा मागत, पुन्हा थांबत. त्यांच्या मागण्याने त्याची तपासणी आणखी रेंगाळायची. बस, एवढंच. लाइट दमत नव्हती. म्हातारा पूर्ण उठायच्या आत बाकीच्यांनी उठायचं नाही, एवढाच त्याचा नियम होता, आणि तपासणी संपली की डिस्कची थरथर थांबायची. नानांच्या तळव्याला जे कळत होतं ते हेच होतं.

मी तीन वेळा मुद्दाम मेन बटण बंद करून पडताळून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर आलं. इतकं स्वच्छ, इतकं नेमकं उत्तर मला आयुष्यात कशाचंच मिळालं नव्हतं. ऑफिसात कुणी नव्हतं. मी जमिनीवर बसून थोडा वेळ रडले. मग पडदा काढून कपाटात ठेवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

आता मी उधन्यातच एका मिलच्या ऑफिसात आहे. पगार शाळेपेक्षा बरा आहे. नाना निवृत्त होऊन गावी गेले. कान आता पुरतेच गेलेत, फोनवर बोलता येत नाही, असं आई सांगते. भुसावळकडे जाणारी गाडी उधन्याहून रोज जाते. आई दोनदा म्हणाली, जाऊन येऊ. मी म्हटलं, रजा नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी मी लॅबमध्ये माझी पुस्तकं पिशवीत भरत होते. नाना वर आले. चपला काढल्या, आत आले आणि पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, पोरांच्या एका स्टुलावर बसले. मला वाटलं, आता त्या दिवसाबद्दल काही म्हणतील. मी तयार होते. म्हणाले असते तर मी खूप काही ऐकवणार होते.

"मॅडम," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. आता तुम्ही जाणार, मग कोणाले विचारू?"

मी पिशवी खाली ठेवली.

"मी पोरांना सांगतो, लाइट दमून येते. पण तसं नसतं ना? मले माहीत आहे तसं नसतं. लूमचं वेगळं होतं, तिथे लोड येतो, ते मले समजे. पण हे बारा तिकडे, तो एक खाली. त्याले आधी उठवलं का हे उठतात. तो नाही उठला का हे अडून बसतात. का? एवढी वर्षं करतो, पण का ते मले नाही समजत. जॉबर माणसाले का ते समजलं पाहिजे. लूम कोणीबी चालू करतो. तुम्ही वर शिकवत असता तेव्हा मी पायरीवर बसून ऐकायचो. ऐकू नाही यायचं. फळ्यावर तुम्ही काय लिहिता ते पाहायचो. वाटायचं, हिला समजतं. आपण नुसता हात लावून पाहतो, हिला आतलं समजतं. लई वाटायचं मॅडम. वाईट वाटायचं म्हणा ना."

ते माझ्याकडे बघत होते. माझ्या ओठांकडे, कारण ऐकू कमी यायचं म्हणून ते नेहमी ओठांकडे बघत. सगळं उत्तर माझ्याजवळ होतं. पाच वाक्यांत सांगून झालं असतं. फळा पुसलेला होता, खडू हाताशी होता.

"मलाही नाही माहीत नाना," मी म्हटलं.

"तुम्हालेबी नाही?"

"नाही."

त्यांचा चेहरा सुटत गेला, आणि ते हसले. "मग बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "मी उगाच एवढी वर्षं मनात घेतलं, की आपण अडाणी म्हणून आपल्याले समजत नाही. तुम्हालेबी समजत नसेल तर ते समजण्यासारखं नसेलच."

ते उठले. माझी पिशवी उचलू लागले, मी नको म्हटलं. जिना उतरताना ते काहीतरी गुणगुणत होते, मोठ्याने, नेहमीसारखं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. माणूस इतका हलका होऊन जिना उतरताना मी पाहिला नव्हता. मी वर उभी होते, हातात पिशवी, पोटात ते उत्तर, आणि मला त्याही वेळी त्यांचा हेवा वाटला.